माया पुरत नाही, कायदाही लागतो

एच.आर.मध्ये एम.बी.ए. करतेय म्हटलं की लोक हसतात, ‘माणसं सांभाळायला डिग्री कशाला? बायकांना ते उपजतच येतं!’ मला नाही पटत. घर मायेनं चालेल, पण कारखान्यात कायदा ठाऊक लागतो. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून आहे. दहा माणसं कामाला असली, की लैंगिक छळाविरुद्ध तक्रार समिती हवी, तिची अध्यक्ष बाईच हवी, असं २०१३चा कायदा सांगतो. पण पॅकिंगला उभ्या असलेल्या बाईला हे सांगणार कोण? मालकाचा पगार घेऊनही खरं बोलणारी एखादी शिकलेली बाई त्या खुर्चीत हवी. मैत्रिणींनो, इग्नूतून हे घर सांभाळून शिकता येतं. बघा तर विचार करून!