नहपानाच्या नाण्यावर चेहरा नेमका कोणाचा?

बीड जिल्ह्याची उत्तर सीमा आखणारी गोदावरी सातवाहनांच्या पैठणावरून येते. तिच्याच वरच्या खोऱ्यात, नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी, आणि ती मूळची क्षहरात क्षत्रप नहपानाची.

नखाएवढ्या चकतीवर एका बाजूस राजाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र. नाव ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत कोरलेले. ओळख पटवण्यास याहून अधिक काय हवे?

पण नाव एकच असूनही चेहरे मात्र अनेक आहेत. कुठे नाक बाकदार, कुठे सरळ. कुठे भरल्या गालांचा तरुण, कुठे थकलेला वृद्ध. या साठ्याचा अभ्यास करणाऱ्या रेव्हरंड स्कॉट यांनी तर्क मांडला, की हे एकाच घराण्यातील निरनिराळे पुरुष असावेत आणि मूळ पुरुषाचे नाव त्यांनी कायम ठेवले असावे.

तर्क मोहक आहे, पण पटत नाही. ४१ ते ४६ या वर्षांचे लेख नहपानाच्याच काळातील मानले जातात. जुन्नरचा अयम अमात्याचा ४६व्या वर्षाचा लेख तर त्याला महाक्षत्रप म्हणतो. ही वर्षे राज्यारोहणापासूनची की एखाद्या संवताची, हा वाद जुना आहे. दीर्घ राजवट मानली तर तारुण्य व वार्धक्य यांचा उलगडा होतो; नाकाचा होत नाही, कारण वयाने बाकदार नाक सरळ होत नसते. अधिक साधा खुलासा ठसे कोरणाऱ्या कारागिरांत आहे. हजारो नाणी पाडताना ठसे झिजत, फुटत. नवा ठसा कोरणाऱ्यासमोर राजा बसलेला नसे, असे तर जुने नाणे. नकलेची नक्कल होता होता चेहरा राजाचा कमी आणि कारागिराच्या हाताचा अधिक होत गेला असावा.

म्हणूनच यांतील एखादे नाणे निवडून, त्यावर रंग चढवून ‘नहपानाचा खरा चेहरा’ म्हणून फिरवणे हा इतिहास नव्हे. उरलेल्या हजारो चेहऱ्यांना त्यात साक्षीलाही बोलावलेले नसते.

गौतमीपुत्र सातकर्णीला हा प्रश्न पडलाच नाही. साठ्यातील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर त्याने आपली चैत्य व उज्जैन चिन्हे ठोकली. त्या ठशांखालून काही नाण्यांवर अजूनही जुन्या मस्तकाची एखादी कड डोकावते.