जुन्या यंत्रांचे नवे मुखवटे

कोणतीही कला यंत्राच्या आश्रयाला गेली की, काही काळाने कला मागे पडून यंत्राचीच पूजा सुरू होते. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात आज हेच घडताना दिसते. एखादा तरुण ध्वनिमिश्रणकार ज्या संगणकावर गाणे सिद्ध करतो, त्याच्या पडद्यावर साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकी आणि ब्रिटिश यंत्रांची चित्रे झळकत असतात. ओरखडे पडलेला धातूचा पत्रा, जाडजूड काळ्या खुंट्या, पिवळसर उजेडात थरथरणारी सुई, असे सारे काही त्या चित्रात असते. नसते ते फक्त यंत्र. 'प्लगइन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या आज्ञावल्यांचा आज जगभर मोठा व्यापार चालतो. या व्यापाराने संगीतसृष्टीला काय दिले आणि तिच्याकडून काय काढून घेतले, याचा हिशेब एकदा मांडणे आवश्यक आहे.

गरजेतून जन्मलेली यंत्रे

मुळात ही यंत्रे कशासाठी निर्माण झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला आपोआप आवर घालणारे यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. आणि आवाजातील खर्ज, मध्य व तीव्र भाग हवा तसा कमीजास्त करणारे यंत्र म्हणजे इक्वलायझर. न्यू जर्सीतील युजीन शेंक आणि ऑलिव्हर समरलँड यांच्या पल्स टेक्निक्स या छोट्या उद्योगाने १९५१ च्या सुमारास 'पलटेक' इक्वलायझर बाजारात आणला. वेटोळी, धारित्रे आणि रोध यांच्या जुळणीतून आवाज गाळायचा आणि त्यात घटलेली पातळी निर्वात नळ्यांच्या साह्याने भरून काढायची, अशी त्याची साधी रचना होती. एस्टोनियात जन्मलेल्या राइन नार्मा यांनी रचलेल्या फेअरचाइल्ड ६७० या यंत्रात वीस निर्वात नळ्या होत्या आणि त्याचे वजन तीस किलोच्या घरात जात असे. तबकडी कोरताना आवाजाच्या उसळीने खाच बिघडू नये, हे त्याचे मुख्य काम. पॅसाडीना येथील जेम्स लॉरेन्स यांनी घडवलेला टेलिट्रॉनिक्सचा एलए-२ए हा साठीच्या दशकातील कॉम्प्रेसर तर प्रकाशावर चालत असे. आवाज वाढला की आतील लहानशी पट्टी उजळायची, तिच्या प्रकाशाने शेजारच्या घटकाचा विद्युतरोध बदलायचा आणि आवाज खाली यायचा.

या साऱ्यांमागे गरज होती, स्मरणरंजन नव्हते. शिकागोत ध्वनिमुद्रणगृह चालवणाऱ्या बिल पटनम यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९४७ साली एका गाण्याला घुमारा हवा होता, तेव्हा त्यांनी चक्क स्नानगृहातील प्रतिध्वनीचा उपयोग करून घेतला. पुढे निर्वात नळ्यांचा कॉम्प्रेसर त्यांनी स्वतःच बनवला होता. परंतु ट्रान्झिस्टरचे नवे तंत्र हाती येताच त्यांनी नळ्यांचा मोह सोडला आणि १९६७ मध्ये ११७६ हे यंत्र सिद्ध केले. सेकंदाच्या दशलक्षांश भागात मोजाव्या लागणाऱ्या वेगाने आवाजाला लगाम घालणारे हे यंत्र त्या काळी विलक्षण ठरले. आज ज्याच्या चित्रापुढे ध्वनिमिश्रणकार नतमस्तक होतात, त्या पटनम यांना आपल्या कालच्या यंत्राविषयीही आंधळे प्रेम नव्हते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

नकलेचे शास्त्र

जुन्या यंत्राची संगणकीय प्रतिकृती करणे हे काम मात्र सोपे नाही, आणि ते करणाऱ्यांच्या बुद्धिमत्तेला दाद द्यावीच लागेल. एका पद्धतीत विद्युतमंडलातील प्रत्येक घटकाचे गणिती समीकरण मांडून ती सारी समीकरणे सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर वेळा किंवा त्याहूनही अधिक वेळा सोडवली जातात. दुसऱ्या पद्धतीत यंत्राच्या आत काय आहे याकडे न पाहता, त्यात शिरणारा आणि त्यातून बाहेर पडणारा आवाज मोजून त्याचा स्वभाव टिपला जातो. अलीकडच्या काळात हेच काम कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाळ्यांकडून करवून घेतले जाऊ लागले आहे.

अडचणी येतात त्या यंत्राच्या लहरीपणामुळे. एलए-२ए मधील प्रकाशाचा घटक जणू स्मृती बाळगून असतो. दाबलेला आवाज निम्म्याने सुटायला त्याला सेकंदाचा काही शतांश भाग पुरतो, पण उरलेला निम्मा सुटायला एक सेकंदापासून पंधरा सेकंदांपर्यंत कितीही वेळ लागू शकतो. आधी आवाज किती मोठा होता आणि किती वेळ होता, यावर ते अवलंबून असते. शिवाय एकाच बनावटीची दोन जुनी यंत्रे शेजारी ठेवली तर ती सारखी वाजतीलच असे नाही. म्हणजे प्रतिकृती ज्याची होते, ते असते कोणा एका कपाटातले कोणते तरी एक यंत्र, तेही त्याच्या आयुष्यातील एका विशिष्ट दिवशीचे. संगणकाचे स्वतःचेही एक व्यंग आहे. आवाजात थोडी विकृती मिसळली की नवे उच्च स्वरांश निर्माण होतात. ते संगणकाच्या मर्यादेपलीकडे गेले की उलटे वळून बेसूर कचऱ्याच्या रूपाने खाली येतात. ते टाळण्यासाठी गणिताचा वेग दुपटीने, चौपटीने वाढवावा लागतो.

१९९२ मध्ये इस्रायलच्या वेव्हज कंपनीने पहिला प्लगइन विक्रीस आणला आणि १९९६ मध्ये जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही सामाईक पद्धत रूढ केली. १९९९ मध्ये पटनम यांच्या पुत्रांनी वडिलांच्या युनिव्हर्सल ऑडिओ कंपनीचे पुनरुज्जीवन केले. तिने जुनी यंत्रे पुन्हा घडवली आणि त्यांच्या संगणकीय प्रतिकृतीही विकल्या. तेथून हा ओघ वाढत गेला.

त्याचे लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. खरे फेअरचाइल्ड विकत घेणे हे भल्याभल्या ध्वनिमुद्रणगृहांच्याही आवाक्याबाहेरचे झाले आहे. त्याची प्रतिकृती तीस-चाळीस डॉलरांत मिळते, आणि एकाच गाण्यात वीस ठिकाणी एकाच वेळी वापरता येते. सांगलीच्या वा सोलापूरच्या एखाद्या खोलीत बसलेल्या होतकरूला लंडनच्या ॲबी रोडवरील साधनांची निदान चव तरी घेता येते. दारे अशी खुली झाली, हे चांगलेच झाले.

कान गहाण पडतो तेव्हा

चिंता आहे ती पुढची. चित्र इतके हुबेहूब असते की डोळा कानाच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो. फेअरचाइल्डच्या प्रतिकृतीत तबकडीच्या खाचेच्या आडव्या आणि उभ्या हालचालींसाठीची कळ आजही दिसते. तबकडी मात्र कोठेच नसते. ११७६ च्या दोन खुंट्या उजवीकडे फिरवल्या की कालावधी वाढण्याऐवजी घटतो. नकलेनेही ती रीत निष्ठेने जपली आहे. काही प्रतिकृतींत तर जुन्या यंत्राची घरघरही मुद्दाम घातलेली असते आणि ती पन्नास आवर्तनांची हवी की साठ, हे निवडण्याची सोय असते. कारण ब्रिटनची वीज पन्नास आवर्तनांची आणि अमेरिकेची साठ. ज्या घरघरीपासून सुटका व्हावी म्हणून अभियंत्यांच्या एका पिढीने रात्री जागवल्या, तीच घरघर पुढच्या पिढीला पैसे घेऊन विकली जाते, यासारखा काव्यात्म न्याय दुसरा नसेल.

याहून गंभीर गोष्ट अशी की, अनेक प्लगइन लावताक्षणीच आवाजाची पातळी किंचित वाढते, आणि मानवी कानाला मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला भासतो. दोन्ही पातळ्या समान करून न ऐकणारा माणूस ज्याला 'जुन्या यंत्राची ऊब' म्हणून नावाजतो, ती पुष्कळदा केवळ पातळीतील वाढ असते. नाव ठाऊक झाले आणि कान तयार झाला नाही, तर त्याला विद्या म्हणता येत नाही.

भारतीय संगीताच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. प्लगइनसोबत येणाऱ्या तयार मांडण्या प्रामुख्याने पाश्चात्त्य ढोलसंच, गिटार आणि पॉप गायन यांच्यासाठी केलेल्या असतात. त्या ख्यालाला जशाच्या तशा लावल्या तर काय होते? गायक श्वासासाठी थांबला की कॉम्प्रेसरची पकड सुटते आणि मागचा तानपुरा एकदम उसळून पुढे येतो. गायक पुन्हा गाऊ लागला की तो मागे ढकलला जातो. मींडेच्या शेवटी स्वर विरत जातो, ते विरणे हाच तेथे आशय असतो. यंत्र मात्र त्याला उणीव समजून वर उचलते. तबल्याच्या 'ना'ची धारदार सुरुवात अतिवेगवान पकडीत बोथट होते. हा दोष यंत्राचा नाही. आपल्यासमोर कोणते संगीत आहे, हे न विचारता परक्याने लावलेली खुंटी तशीच ठेवणाऱ्याचा तो दोष आहे.

मालकी कोणाची?

आणखी एक प्रश्न टिकाऊपणाचा. साठ वर्षांपूर्वीचे यंत्र बिघडले तर त्याच्या मंडलाचा आराखडा समोर ठेवून एखादा जाणकार कारागीर ते पुन्हा बोलते करू शकतो. संगणकीय नकलेचे तसे नाही. ॲपलने २०१९ मध्ये आपल्या प्रणालीतून बत्तीस बिटांच्या आज्ञावल्यांना रजा दिली, २०२० पासून संगणकाचा मेंदूच बदलला. ज्या प्लगइनच्या निर्मात्यांनी नवी आवृत्ती काढली नाही, ते तेथे मूक झाले. मार्च २०२३ मध्ये वेव्हजने कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबवून केवळ वर्गणीची पद्धत जाहीर केली. ग्राहक खवळले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. परंतु ज्याला मालकी समजले जात होते तो प्रत्यक्षात परवाना होता, हे सर्वांना कळून चुकले.

अर्थात लोखंडही अमर नाही. एलए-२ए च्या काळजात असलेल्या प्रकाशसंवेदी घटकात कॅडमियम लागते आणि विद्युत उपकरणांतील त्याच्या वापरावर युरोपीय संघाने २००६ पासून निर्बंध घातले आहेत. निर्वात नळ्या बनवणारे कारखाने मोजकेच उरले आहेत. तेव्हा यंत्रही झिजणार आणि नक्कलही कालबाह्य होणार. टिकेल ते ज्ञान. हे ज्ञान कुलुपात न ठेवता उघड करणारेही आहेत. 'एअरविंडोज' या नावाने क्रिस जॉन्सन आपले सर्व प्लगइन मूळ आज्ञावलीसह खुले ठेवतात. त्यांत यंत्राचे चित्रही नसते, फक्त काही सरकपट्ट्या असतात. वापरणाऱ्याला मग ऐकण्यावाचून पर्याय उरत नाही.

ध्वनिमुद्रण शिकवणाऱ्या संस्थांनी यातून बोध घ्यायला हवा. विद्यार्थ्याच्या हाती प्रतिकृती द्यावी, पण तिच्या आधी मूळ मंडलाचा आराखडा द्यावा. तो वाचता आला की नावाचे गारूड उतरते. समान पातळीवर, डोळे मिटून तुलना करण्याची सवय लावावी. तानपुरा, पखवाज, बासरी, सनई यांच्या ध्वनीची मोजमापे घ्यावीत आणि त्यांना साजेशा मांडण्या स्वतः सिद्ध करून सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. पूर्वसूरींचा आदर त्यांच्या यंत्रांची चित्रे पडद्यावर मिरवून होत नसतो. समोरची अडचण ओळखून हाताशी असलेल्या साधनांनी ती सोडवणे, हेच त्यांचे खरे तंत्र होते आणि त्याची नक्कल कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.