छपाई अडली म्हणून कडी काढू नका



सप्टेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा. कोरोनाचे निर्बंध सैल झाले होते आणि कल्याण पूर्वेची आमची अभ्यासिका नुकतीच पुन्हा उघडली होती. तिथे दोन संगणक. प्रिंटर पहिल्याला जोडलेला. दुसऱ्यावरून प्रिंट दिली की ती वायफायवरून पहिल्याकडे जायची.

संध्याकाळी शेजारची मुलगी आली. "काका, उद्या सकाळी कॉलेजात कागद द्यायचेत." अकरावीचा प्रवेश, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, अर्ज. आई डोंबिवलीला घरकामाला जाते, तिने दुसऱ्या दिवशीचा खाडा सांगून ठेवलेला. दुसऱ्या संगणकावर फाइल उघडून प्रिंट दिली, तर पडद्यावर इंग्रजी सूचना: प्रिंटरशी जोडणी होत नाही. खाली शून्यांची रांग आणि शेवटी '११बी'.

फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन पहिल्या संगणकावरून छापली असती तर दोन मिनिटांचे काम होते. घाईत ते सुचले नाही, ही माझी चूक. वस्तीतल्या एका दुरुस्तीवाल्या पोराला बोलावले. त्याने पहिल्या संगणकाच्या रजिस्ट्रीत एक नोंद घातली, तिची किंमत शून्य ठेवली, संगणक बंद करून चालू केला. कागद धडाधड निघाले. मी त्याला चहा पाजला. मुलीचा प्रवेशही झाला.

आठवड्याने ठाण्याला आमच्या ऑफिसात संगणक सांभाळणाऱ्या गृहस्थांना हे कौतुकाने सांगितले. ते म्हणाले, "साहेब, तुम्ही दाराची कडी काढून घरी गेलात."

त्यांनी समजावले ते असे. प्रत्येक विंडोज संगणकात छपाईची कामे रांगेला लावणारा एक कारकून असतो, प्रिंट स्पूलर. आमच्या जावक बारनिशीच्या कारकुनासारखाच. फरक एवढाच की याच्या कमरेला सगळ्या ऑफिसच्या किल्ल्या असतात. जून २०२१ च्या अखेरीस काही संशोधकांकडून एक गोष्ट चुकून जाहीर झाली: या कारकुनाच्या हाती प्रिंटर ड्रायव्हर म्हणून खोटा प्रोग्रॅम दिला तर तो न विचारता बसवतो, तोही पूर्ण अधिकाराने. जगाने या फटीला 'प्रिंटनाइटमेअर' नाव दिले. मायक्रोसॉफ्टने जुलैत तातडीची दुरुस्ती काढली; विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला होता, तरी त्यालाही ती दिली. १० ऑगस्टच्या दुरुस्तीने नवा ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सक्तीचा केला. आमच्या ऑफिसात त्या महिन्यात जो तो पासवर्ड मागत फिरत होता, त्याचे कारण तेव्हा कळले.

आमच्या अभ्यासिकेतले कुलूप मात्र वेगळे होते. दोन संगणकांनी छपाईचे बोलणे एकमेकांची ओळख पटवून आणि सांकेतिक करूनच करावे, अशी सोय जानेवारी २०२१ मध्ये आली आणि १४ सप्टेंबरला ती सक्तीची झाली. आमचा पहिला संगणक अद्ययावत होता. दुसरा मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून बंद, त्याला जानेवारीची सोय मिळालेलीच नव्हती. म्हणून पहिल्याने त्याला ओळखायला नकार दिला, आणि पोराने तो नकारच काढून टाकला. अभ्यासिकेचे वायफाय येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना खुले, आणि त्याच संगणकात पन्नासेक कुटुंबांचे आधार कार्ड आणि दाखले स्कॅन करून ठेवलेले! मला रात्री झोप लागली नाही.

रविवारी बसून सरळ केले. दुसरा संगणक इंटरनेटला जोडून राहिलेल्या सगळ्या सुधारणा घेतल्या, अख्खी दुपार गेली. मग पहिल्यावरची ती नोंद पुसली, दोन्ही यंत्रे पुन्हा चालू केली. प्रिंट आली. दोष कुलुपाचा नव्हताच. त्या पोराचाही नाही. इंटरनेटवर तेव्हा हाच उपाय जिकडेतिकडे सांगत होते.

झेरॉक्सच्या दुकानात आणखी एक प्रसंग नेहमी घडतो. ईमेलने आलेली वर्डची फाइल उघडते, वर पिवळी पट्टी दिसते आणि प्रिंट जात नाही. हे 'प्रोटेक्टेड व्ह्यू'. फाइल कोणी पाठवली याची खात्री असेल तर 'एनेबल एडिटिंग' दाबा, छपाई सुरू होते. त्यानंतर 'एनेबल कंटेंट' असे दुसरे बटण आले तर ते दाबू नका. अर्ज छापायला त्याची गरज नसते. आणि ज्या संगणकावरून कधीच काही छापायचे नाही, तिथे जाणत्या माणसाकडून स्पूलर बंदच करून घ्या.

विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. आमचा तो दुसरा संगणक विंडोज ११ पेलत नाही. त्याला वायफायवरून काढून टाकले आहे, मुले त्यावर मराठी टायपिंगचा सराव करतात. छापायचे असेल ते पेन ड्राइव्हवर घेऊन पहिल्याकडे जातात.