पर्वणी नसलेल्या दिवसांचे फोटो

उज्जैन म्हटले की आमच्या टपालात काय येणार, हे पाकीट न उघडता सांगता येते. रामघाटावरची आरती, धुनीच्या धुरामागचा जटाधारी, २०१६च्या सिंहस्थातले स्नान आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये महाकाल लोक खुले झाल्यापासून तिथल्या रोषणाईतले खांब. फोटो वाईट नसतात, बरेचसे तर उत्तम असतात. पण क्षिप्रेकडे पाठ करून रूळ ओलांडले की फ्रीगंज लागते आणि फ्रीगंजात घड्याळाचा टावर. त्याच्याभोवती संध्याकाळी पाणीपुरी, भेळ, भाजलेला भुट्टा, साबुदाण्याची खिचडी यांच्या गाड्या लागतात आणि यात्रेकरूंपेक्षा उज्जैनकरच तिथे जास्त दिसतात. ‘टावरवर भेटू’ एवढे म्हटले की पुरते, वेगळा पत्ता लागत नाही. या टावर चौकाचा धड एक फोटो आमच्याकडे कधी आलेला नाही. या महिन्याचा अंक रस्त्यावरच्या छायाचित्रणाला वाहिलेला असल्यामुळे ही तक्रार आधी नोंदवून ठेवतो.

तक्रार एकट्या उज्जैनची नाही. १९४९च्या डिसेंबरात छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ जकार्तात होता. पत्नी रत्ना मोहिनी मूळची तिथलीच, त्यामुळे जावाचा जावईच म्हणायचा. डच सत्ता संपली आणि राजवाड्यातल्या गव्हर्नरांच्या तसबिरी कामगार पायऱ्यांवरून खाली उतरवू लागले, तो क्षण त्याने टिपला. इतिहासाच्या पुस्तकांत जागा मिळवणारा फोटो आहे तो. पण त्या दिवसानंतरची जकार्ता, म्हणजे बसमध्ये उभे राहून घरी जाणारी, पावसात ओव्हरब्रिजखाली थांबणारी, फुटपाथवर जेवणारी, तिचा फोटो कोणी काढायचा? एरिक प्रसेत्या या जकार्तातच राहणाऱ्या छायाचित्रकाराने ते काम अनेक वर्षे केले आणि २०११ मध्ये ‘जकार्ता : एस्तेतिका बनाल’ हे पुस्तक काढले. रोजच्या नीरसपणाचे सौंदर्य, असा त्या शीर्षकाचा रोख. त्यात ना ज्वालामुखी आहेत ना मंदिरनृत्ये. स्वतःच्या कामाला निघालेल्या माणसाला वाटेत जे दिसते तेच आहे, आणि ते दिसायला तिथे राहावे लागते.

मोठा दिवस पाहुण्यालाही मिळतो. साधा दिवस टिपण्याचे काम रहिवाशाचे आहे, आणि आपल्याकडचे रहिवासीच कॅमेरा हातात आला की पाहुण्यासारखे वागतात, ही आमची खरी अडचण. फ्रीगंजात राहणारा छायाचित्रकार रोज टावरवरून जातो आणि कॅमेरा मात्र पर्वणीला बाहेर काढतो.

याला माळव्यात जुनी परंपराही आहे, हे खरे. लाला दीनदयाळ यांनी छायाचित्रणाला सुरुवात केली ती इंदुरात, सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला असताना. ब्रिटिश अधिकारी लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी मध्य भारतातल्या वास्तूंचे जे फोटो घेतले, त्यांचे पुस्तक १८८६ मध्ये निघाले. वास्तू, महाराजे, शिकार. माणूस आला तर स्तंभाची उंची कळावी म्हणून. त्याच्या थोडे आधी, १८६८ ते १८७५ या काळात, ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड छापले गेले. त्यांत माणसे भरपूर आहेत, पण बहुतेकांना नाव नाही. जात, जमात, धंदा एवढीच ओळख. आज आपण ‘उज्जैनचा पाणीपुरीवाला’ अशी ओळ टाकून फोटो पाठवतो, तेव्हा त्या आठ खंडांना नववा जोडत असतो. मराठीत याला चांगले अपवाद झाले आहेत. मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षे काम करणारे सुधारक ओलवे, वारी आणि तमाशा यांच्या मागे चिकाटीने फिरलेले संदेश भंडारे. दोघांच्याही फोटोंत माणूस नमुना म्हणून उभा नसतो.

उज्जैनच्या मराठी माणसांना तर घरचेच उदाहरण आहे. विष्णू श्रीधर वाकणकर याच गावात राहिले. १९५७ मध्ये रेल्वेच्या खिडकीतून दिसलेल्या खडकांनी त्यांना भीमबेटकाला नेले आणि पुढे हयातभर ते शैलचित्रांच्या नकला करत राहिले. १९७५ मध्ये पद्मश्री मिळाली, २००३ मध्ये भीमबेटका जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्या खडकांवर काय आहे? शिकार, नाच, मध काढणे, जनावरे. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांचे रोजचे जगणे वाकणकरांनी एकेक रेष उतरवून घेतले, आणि ते ज्या शहरात राहिले त्याच्या आजच्या संध्याकाळची नोंद कोणाकडे नाही.

आता प्रत्यक्ष कामाचे. टावर चौक अवघड जागा आहे. उज्जैन सुमारे ७५.८ अंश रेखांशावर, आपली प्रमाणवेळ ८२.५ अंशांची, त्यामुळे इथला सूर्य टावरच्या घड्याळाच्या साधारण २७ मिनिटे मागे चालतो. (प्राचीन ज्योतिषात मूळ रेखांश उज्जैनवरूनच धरत, तेव्हा हा हिशेब गावाला थोडा अपमानास्पद आहे.) शिवाय कर्कवृत्त अगदी जवळ. जूनच्या उत्तरार्धात दुपारी साडेबाराच्या सुमारास सावली पायाखाली जाते, चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन खड्डे उरतात. डिसेंबरात मात्र भर दुपारीही सूर्य ४३ अंशांच्या आसपासच असतो आणि दिवसभर तिरपा उजेड मिळतो. आपले बहुतेक लोक उलटे करतात, सुटीत म्हणजे मे-जूनमध्ये जातात.

संध्याकाळी वेगळीच कटकट. गाडीवरचा एलईडी पांढरा, शेजारच्या दुकानाचा पिवळा, मागे पाटीचा लाल. इलेक्ट्रॉनिक शटरवर या दिव्यांखाली फोटोत आडवे पट्टे उमटतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मेकॅनिकल शटर लावून वेग १/५० किंवा १/१०० ठेवावा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर सोडू नये, नाहीतर एकाच मालिकेतले बारा फोटो बारा गावांचे वाटतात. लेन्स २८ किंवा ३५ मिमीची. रस्त्यापलीकडून २०० मिमीने टिपलेला खिचडीवाला हा चोरून पाहिलेला माणूस असतो आणि ते फोटोत दिसते.

आणि वाफेच्या मोहात पडू नये. माळव्यात साबुदाण्याची खिचडी आपल्या एकादशीसारखी कढईत परतून वाढत नाहीत. वाफेवर ठेवलेल्या मोठ्या भांड्यातला मोकळा साबुदाणा काढायचा, त्यात मसाला, शेव, लिंबू मिसळायचे आणि ती समोर करायची. उठणारी वाफ, मागे दिवा, की फोटो झाला, असे वाटते. तो शंभर जणांनी काढलेला आहे. गाडी कुठून ढकलत आणतात, पाणी कुठून भरतात, उरलेले काय करतात, रात्री टोप कोण घासते, हे कोणी काढलेले नाही.

चौकट ठरवताना दरफलक आत घ्या, ही आमची हट्टाची सूचना. प्लेटचा भाव, क्यूआर कोडची पाटी, पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा डबा, एमपी १३ची नंबरप्लेट, भिंतीवरच्या क्लासच्या जाहिराती. फोटोत ‘घाण’ नको म्हणून आपण याच गोष्टी कापतो. नव्वदच्या दशकात प्रत्येक चौकात पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ होते, रात्री दर उतरले की बाहेर रांग लागे. आज त्या रांगेचा नीट फोटो शोधून पाहा. हजारो कॅमेऱ्यांसमोर ती अनेक वर्षे उभी होती. टावर चौकातला आजचा क्यूआर कोडही असाच एक दिवस जाईल. सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, त्याच्या तयारीची बांधकामे शहरात चालू आहेत, आणि आज दिसणारा रस्ता तेव्हा तसाच असेल असे कोणी समजू नये.

फेरीवाल्यांचे फोटो काढताना आणखी एक भान हवे. २०१४च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीने विक्रेत्यांचे सर्वेक्षण करून त्यांना प्रमाणपत्र द्यायचे आहे, निदान पाच वर्षांतून एकदा ते पुन्हा करायचे आहे, आणि सर्वेक्षण होईपर्यंत असलेल्या विक्रेत्याला हटवायचे नाही. म्हणजे तुमचा फोटो निव्वळ कलाकृती राहत नाही. तारीख आणि जागा असलेला फोटो हा, अमुक माणूस अमुक साली इथे उभा होता, असे सांगणारा कागद होऊ शकतो. तो त्याच्या उपयोगी पडेल किंवा त्याच्यावर उलटेल. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही त्याची गाडी कुठल्या कोपऱ्यात लागते हे जागेच्या खुणेसह समाजमाध्यमावर टाकणे आम्हाला बेजबाबदारपणाचे वाटते. उलट पाच वर्षांत दर सहा महिन्यांनी काढलेल्या फोटोंचे प्रिंट त्याच्या हातात दिले, तर त्यांचे काय करायचे हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते. ‘कौन से पेपर में आएगा?’ हा चौकात हमखास येणारा प्रश्न आहे. त्याला खरे उत्तर द्यावे, आणि ‘कुठेच नाही, संग्रहात राहील’ हेही खरे उत्तर आहे. सार्वजनिक जागी फोटो काढता येतो, पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवल्यानंतर ‘रस्त्यावर होता म्हणून काढला’ एवढ्यावर भागेल असे मानू नये. नाव विचारावे, लिहून ठेवावे, छापायचे की नाही ते त्याला ठरवू द्यावे. नाव छापू नका म्हणाला, तर संग्रहातल्या नोंदीत ते राहू द्यायचे का, तेही विचारावे.

पुढचे वर्षभर या मासिकात ‘आपला चौक’ म्हणून आठ पाने राखून ठेवत आहोत. एका चौकाची, एकाच छायाचित्रकाराने, किमान चार ऋतूंत काढलेली मालिका हवी. टावर चौकाला पहिला मान, पण तुमच्या गावचा एसटी स्टँडसमोरचा तिठाही चालेल. प्रत्येक फोटोला तारीख, वेळ, कोणत्या बाजूला तोंड करून काढला ते, आणि दिसणाऱ्या माणसाची संमती याची नोंद फाइलमध्येच भरलेली असावी. निम्मे फोटो दिवसाचे असावेत. साधूंचे फोटो पाठवू नयेत.