खुर्ची गेली, हे सांगणार कोण?

१९६८ साली पोर्तुगालचा हुकूमशहा आंतोनियो सालाझार आजाराने अंथरुणाला खिळला आणि सप्टेंबरात त्याच्या जागी मार्सेलो कायतानो यांची नेमणूक झाली. मात्र जुलै १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत ही गोष्ट सालाझारला कुणी सांगितलीच नाही. जुने मंत्री त्याच्या भेटीस येत, राज्यकारभारावर चर्चा केल्याचे नाटक वठवीत आणि निघून जात.

हा किस्सा हसण्यावारी नेणे गोमंतकीयांना परवडणारे नाही. त्याला सत्य न ऐकण्याची सवय फार पूर्वीच लागली होती. डिसेंबर १९६१ मध्ये गोव्यातील तुटपुंज्या फौजेने शरण न जाता मरेपर्यंत लढावे, असे त्याचे फर्मान होते. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांनी ते मानले नाही. १९ डिसेंबरला शरणागती पत्करून त्यांनी रक्तपात टाळला. बक्षीस काय मिळाले? लष्करातून बडतर्फी! १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांना ते पद परत मिळाले.

हे व्यक्तिस्तोम ढोलताशांच्या गजरात माजले नव्हते. सालाझार हा कुइंब्राचा प्राध्यापक, अविवाहित, साध्या राहणीचा. नेमका हा साधेपणाच पूजेला लावण्यात आला. पोर्तुगालमधील शाळांच्या वर्गांत क्रूसाच्या एका बाजूस राष्ट्राध्यक्षांची तसबीर असे, दुसऱ्या बाजूस त्याची. इकडे गोमंतकातील मुले पोर्तुगालच्या नद्यांची नावे घोकीत होती आणि साधी लग्नपत्रिका छापायची तरी सेन्सॉरची संमती लागे. ज्याच्या नावाने हे सारे चाले, त्याने मात्र या भूमीवर उभ्या जन्मात पाऊल ठेवले नाही. अशा वातावरणात वाढणारे मूल एकच धडा गिरवते: विचार करणे हे वरच्यांचे काम. तुरुंगाची भीती राजवटीबरोबर जाते. हा धडा मात्र अंगात मुरतो. २००७ साली पोर्तुगालच्या दूरचित्रवाणीने सर्वश्रेष्ठ पोर्तुगीज कोण, असा कौल घेतला, तेव्हा ४१ टक्के मते सालाझारला पडली. हा काही साऱ्या राष्ट्राचा कौल नव्हे, हे आम्ही जाणतो. तरीही तो आकडा बोचतो.

आमच्याकडे डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली आणि त्यानंतर मतदारांनी कितीतरी सरकारे घरी पाठविली. त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु नेत्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकांत झळकणारे फलक आणि व्यासपीठांवरून आळविल्या जाणाऱ्या आरत्या आता कुणाला खटकतही नाहीत. विरोधी सदस्य टीका करतात, तो त्यांचा धर्मच आहे. प्रश्न सत्ताधारी बाकांचा आहे. ‘साहेब, येथे आपले चुकते आहे,’ असे भर सभागृहात म्हणणारा आमदार वाचकांनी शेवटचा कधी पाहिला? आणि त्याला पुढच्या खेपेस उमेदवारी मिळाली का?