आधी खोली, मग माइक

मुलगा नात छान म्हणू लागला, मुलीला स्पर्धेसाठी भाषण रेकॉर्ड करून पाठवायचे असले, की घरात माइकचा विषय निघतो. कुणीतरी जाणकार सांगतो, ‘कंडेन्सर घ्या.’ माइक येतो. पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये मुलाच्या आवाजाबरोबर पंख्याची घरघर, शेजारच्या कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न आणि भिंतींवरून घुमून येणारा आवाज ऐकू येतो. मग ‘माइक खराब निघाला’ म्हणून तो परत खोक्यात जातो. माइक बहुधा खराब नसतो. खोलीत जे होते, ते सगळे त्याने इमानदारीने ऐकलेले असते.

म्हणून या वेळी आम्ही कंडेन्सर माइकविषयी लिहायचे ठरवले. पैसे वाया जाऊ नयेत हे एक कारण. दुसरे कारण लेखाच्या शेवटी येईल.

हा माइक इतके का ऐकतो?

जलशाच्या स्टेजवर हातात धरायचा माइक बहुतेक वेळा डायनॅमिक असतो. त्यात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते लोहचुंबकाच्या क्षेत्रात हलते. तो ओठांजवळ धरला तर चांगला ऐकतो, लांबचे फारसे पकडत नाही. कंडेन्सरमध्ये एक अतिशय पातळ पडदा आणि त्याच्या मागे अगदी थोड्या अंतरावर धातूची तबकडी असते. दोहोंमध्ये विद्युतभार असतो. आवाजाने पडदा किंचित हलला तरी दोघांतले अंतर बदलते आणि त्या बदलाचा विद्युत संकेत तयार होतो. पडदा हलका असल्याने श्वास, कुजबुज, कागदाची सळसळसुद्धा सुटत नाही.

अमेरिकेत १९१६ साली एडवर्ड वेंटे यांनी असा माइक तयार केला. १९६२ साली जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेस्लर यांनी बेल प्रयोगशाळेत पडद्यातच विद्युतभार टिकवून धरणारा इलेक्ट्रेट माइक बनवला. त्यानंतर हे माइक लहान आणि स्वस्त झाले. आज मोबाइलमध्ये असतो तो बारीक माइकही साधारणपणे याच घराण्यातला. तेव्हा खरेदीआधी मोबाइलवरच सराव करा. खोली सुधारली की मोबाइलचे रेकॉर्डिंगही सुधारते. खोली तशीच राहिली तर महागडा माइक तिचे दोष जास्त स्पष्ट ऐकवतो.

खोलीची तयारी

फरशी, उघड्या भिंती आणि काच यांवरून आवाज आदळून परत येतो. खोलीच्या मधोमध उभे राहून एकदा टाळी वाजवा. मागे झणझण ऐकू आली तर ती खोली नको. गाद्या, उशा, जाड पडदे आणि कपड्यांचे कपाट असलेली झोपायची खोली सर्वांत बरी. खाली सतरंजी अंथरा, कपाटाचे दार उघडे ठेवा. बोलणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर जाड गोधडी टांगा. माइकचे तोंड त्याच दिशेला असते, म्हणून गोधडी तिथेच सर्वांत जास्त उपयोगी पडते.

पंखा बंद करा, मोबाइल फ्लाइट मोडवर टाका. फ्रिज बंद करणार असाल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो परत सुरू करायचा राहणार नाही. वेळ निवडताना फजरनंतरचा तास अनेक मोहल्ल्यांत सर्वांत शांत असतो. इशानंतर उशिराही चालते.

जोडणी

यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लागतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. तीन पिनांच्या एक्सएलआर केबलचा कंडेन्सर माइक असेल तर ऑडिओ इंटरफेस हवा. या माइकला ४८ व्होल्टची ‘फँटम पॉवर’ लागते आणि ती त्याच केबलमधून जाते. क्रम लक्षात ठेवा: आवाजाचे बटण शून्यावर, मग केबल जोडायची, मग ४८ व्होल्टचे बटण दाबायचे. काढताना आवाज खाली, ४८ व्होल्ट बंद, अर्धा मिनिट थांबून केबल काढायची. नाहीतर हेडफोनमध्ये जोराचा ठोका बसतो.

माइक कुठे ठेवायचा?

मोठ्या पडद्याच्या बहुतेक कंडेन्सर माइकमध्ये वरच्या टोकात बोलायचे नसते, बाजूने बोलायचे असते. ज्या बाजूला कंपनीचे चिन्ह असते ती सहसा पुढची बाजू. कार्डिऑइड प्रकारचा माइक समोरचे जास्त आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकतो. त्यामुळे रस्त्याकडची खिडकी माइकच्या पाठीशी येईल असे बसा.

तोंडापासून अंतर साधारण एक वीत. फार जवळ गेले की आवाज जड आणि घुमा होतो. फार लांब गेले की खोली ऐकू येते. वरच्या पट्टीत नात म्हणणाऱ्याने दीड-दोन विती मागे सरावे. प, फ, भ उच्चारताना हवेचा झोत पडद्यावर आदळतो. पॉप फिल्टर लावा, किंवा माइक ओठांच्या सरळ रेषेतून थोडा बाजूला वळवा. माइक स्टँडवरच हवा. हातात धरला तर बोटांची हालचालही रेकॉर्ड होते.

पातळी ठरवताना सर्वांत मोठ्या सुरात म्हणून पाहा. तो सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे. शून्याला भिडला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही. जमल्यास २४ बिट निवडा आणि मूळ फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा; व्हॉट्सअॅपवर पाठवायची प्रत वेगळी काढा. ऐकताना हेडफोन लावा, स्पीकर बंद ठेवा.

माइकवर फुंकर मारू नका, टिचकी मारू नका. कोकणच्या पावसाळ्यात दमटपणामुळे त्यात चरचर येऊ शकते. काम झाल्यावर तो घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

आता दुसरे कारण

आपल्या घरांत दादी-नानीला हळदी-मेहंदीची गाणी, पाळणे, गावाच्या आणि नातेगोत्याच्या हकिकती तोंडपाठ असतात. त्या ज्या बोलीत सांगतात, ती नातवंडांच्या तोंडी आता क्वचितच येते. यातले बरेचसे कुठेही लिहिलेले नाही. माइक कधीतरी घेऊच, म्हणून थांबण्याइतका वेळ प्रत्येक घराकडे असतोच असे नाही.

त्यांना स्टुडिओसारखे बसवू नका. त्यांच्या नेहमीच्या जागी, पलंगावर किंवा जाजमावर बसू द्या. माइक दीड वीत लांब आणि नजरेच्या खाली ठेवा, म्हणजे त्या माइकशी न बोलता तुमच्याशी बोलतील. पहिली दहा मिनिटे इकडच्या तिकडच्या गप्पा चालू द्या, रेकॉर्डिंग मात्र सुरू ठेवा. त्या थांबल्या की लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. पुष्कळदा खरी आठवण त्या शांततेनंतर येते. सुरुवातीलाच त्यांचे नाव, गाव आणि तारीख आवाजात नोंदवा. फाइल किमान दोन ठिकाणी ठेवा.

आणि हे सगळे त्यांना आधी विचारून करा. कुणाला आपला आवाज घराबाहेर जाऊ नये असे वाटत असेल, तर तो घरातच राहिला पाहिजे. रेकॉर्ड केलेला आवाज ही अमानत आहे. ती कुठल्या ग्रुपवर टाकायची की नाही, हे ज्यांचा आवाज आहे त्यांनीच ठरवायचे.

पुढची सुटी येईल तेव्हा खोलीत गोधडी टांगा, पंखा बंद करा आणि हातातला मोबाइल घेऊन सुरुवात करा. नवा माइक नंतर घेता येईल.