कोयत्याचा चेहरा

यंत्राला जात नसते, लिंग नसते, म्हणून त्याचा निवाडा वस्तुनिष्ठ असतो, हे गृहीतक सुशिक्षित वर्गात आज निर्विवाद मानले जाते. मराठी समीक्षेला या भाबडेपणाची जुनी ओळख आहे. दलित साहित्याने ज्या ‘सार्वत्रिक’ रसिकाचे बिंग फोडले, तोही निःपक्षपाती म्हणूनच वावरत होता.

१ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या आहारासाठी केंद्र शासनाने ‘पोषण ट्रॅकर’मध्ये चेहऱ्याची ओळख अनिवार्य केली. सेविकेच्या मोबाइलवरील छायाचित्र नोंदीशी जुळले, तर गरोदर वा स्तनदा मातेला आहार. बीड जिल्ह्यात या अटीचा अर्थ काय होतो? येथील ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्याला, हिशेब कोयत्याचा. मुकादमाच्या वहीत जिला स्वतंत्र अस्तित्व नाही, तिच्याकडे शासन मात्र स्वतंत्र चेहरा मागते. आणि हंगामात तो चेहरा गावापासून दूर, उसाच्या फडात असतो.

तो यंत्राला नीट दिसतो काय, हा पुढचा प्रश्न. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी २०१८ मध्ये तीन व्यापारी प्रणाली तपासल्या. केवळ स्त्री की पुरुष एवढेच ओळखताना गोऱ्या पुरुषांबाबतची चूक ०.८ टक्क्यांपलीकडे गेली नाही. काळ्यासावळ्या स्त्रियांबाबत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत पोहोचली. अंगणवाडीतील प्रणालीचे काम निराळे आहे. हे आकडे तिला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. परंतु उन्हात रापलेल्या चेहऱ्यावर ती किती चुकते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती लादणाऱ्यांची आहे, आहार घेणारीची नव्हे.

नमुने वाढवले की चूक नाहीशी होईल, हा प्रतिवाद तोकडा आहे. १९३० च्या सुमारास इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवट्या मोजल्या. मापांनी गुरूच्या वंशविषयक गृहीतकाला दुजोरा दिला नाही, आणि त्यांनी तसे नोंदवले. माप हे मोजणाऱ्याविरुद्धही साक्ष देऊ शकते. मात्र ती ऐकणारा माणूस लागतो. पडद्यावरचा नकार नेमकी हीच शक्यता मोडीत काढतो. तेथे यंत्र चुकत नाही, बाई अपात्र ठरते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने या मातेला आहाराचा हक्क दिला आहे. ओळख पटविण्याची परीक्षा त्या हक्काच्या आड येत असेल, तर तिला नावानिशी ओळखणाऱ्या सेविकेची साक्ष यंत्राच्या नकाराहून वरचढ मानली पाहिजे.